मोहाच्या फुलावरचा पहारा

झाडावरून आपसूक गळून पडलेले फूल परवान्याशिवाय घरात ठेवणे हा गुन्हा आहे, असे सांगणारा कायदा एकेकाळी आपल्या ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत लागू होता. साल १८९२. मुंबई सरकारने त्या वर्षी केलेला तिसऱ्या क्रमांकाचा कायदा मोहाच्या फुलांसाठी होता. ही फुले बाळगणे, विकणे, एका गावाहून दुसऱ्या गावी नेणे, या सगळ्यावर त्याने बंधन घातले. आजचे पालघर, ठाणे आणि रायगड हे जिल्हे म्हणजे तेव्हाचा हा मुलूख. वारली, कातकरी, ठाकर, कोकणा यांच्या पाड्यांचा आणि मोहाच्या झाडांचा.

फुलाला एवढे घाबरण्यासारखे काय होते, हे कळायला मोहाचा हंगाम डोळ्यांपुढे आणावा लागतो. फाल्गुन-चैत्रात झाडाची पाने झडतात आणि फांद्यांच्या टोकांना फुलांचे घोस लागतात. रात्रभर आणि पहाटे फुले टपटप गळत राहतात. उजाडायच्या आत बायका-मुले टोपल्या घेऊन झाडाखाली हजर होतात. त्याआधी खालचा पालापाचोळा जाळून जमीन मोकळी केलेली असते, म्हणजे फूल वेचायला सोपे. फूल मांसल, फिकट पिवळे, तोंडात टाकले तर गोड. उन्हात वाळले की मनुकेसारखे तांबूस होते आणि वर्षभर टिकते. या वाळलेल्या फुलात निम्म्याहून जास्त साखर असते. आषाढ-श्रावणात घरातले धान्य सरले की हीच फुले उकडून, भाजून, पिठात मिसळून खायची. दुष्काळात तर मोहाने माणसे जगवली आहेत. पुढे फळ धरते, त्याच्या बियांचे तेल निघते. म्हणून शेतासाठी जंगल तोडतानाही आदिवासी शेतकरी मोहाला हात लावत नसे. बापाच्या वाटणीत मुलांना जमिनीसोबत झाडेही वाटून मिळत.

आणि याच फुलाची दारू होते. त्यासाठी ना गूळ लागतो, ना बाहेरून आणलेली कुठली वस्तू. फुले मडक्यात पाण्यात भिजत घालायची. उन्हाळ्यात तीन-चार दिवसांत, थंडीत आठवडाभरात ती आंबतात. विदर्भात याला सडवा म्हणतात. मग मडके चुलीवर चढवायचे, तोंड लिंपून घ्यायचे, वाफ नळीतून दुसऱ्या भांड्यात न्यायची आणि ते भांडे गार पाण्याने थंड ठेवायचे. धार लागते. पहिल्या धारेची कडक, पुढची सौम्य. ज्याच्याकडे एक झाड, दोन मडकी आणि चार काटक्या आहेत त्याला हे जमते. नंतरच्या सव्वाशे वर्षांतल्या प्रत्येक सरकारची खरी अडचण इथेच होती. इतक्या सहज, इतक्या घरोघर होणाऱ्या वस्तूवर कर बसवायचा कसा?

ही दारू रोज पिण्यासाठी गाळली जात नसे, असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. लोक पीत होते, काही जण जास्तही पीत होते. पण तिला समाजात एक ठरलेली जागा होती. लग्न, बारसे, मयत, पेरणी, पहिले पीक, गावदेवाची पूजा. पहिले थेंब भुईवर देवांना आणि पूर्वजांना सांडायचे, मगच माणसांनी प्यायची. ती घरात व्हायची, घरात संपायची आणि तिच्यासाठी कोणाकडे उधारी करावी लागत नसे.

इंग्रजांच्या आधीही सत्तेने दारूकडे दुर्लक्ष केले होते असे नाही. पेशव्यांच्या पुण्यात दारू गाळण्यावर मनाई होती. तोफखान्यातल्या किरिस्ताव गोलंदाजांना तेवढी सूट असे. डोंगरातल्या पाड्यापर्यंत मात्र हे हुकूम पोचत नव्हते. कंपनीचे राज्य आल्यावर गावोगावच्या दारूचा मक्ता लिलावाने जाऊ लागला. मक्तेदार ठरलेली रक्कम सरकारात भरी आणि कलालांकडून, भट्टीवाल्यांकडून आपली वसुली करी. जाच होता, तरी गावात भट्ट्या पेटत होत्या.

ही घडी मोडली ती १८७८च्या मुंबई आबकारी कायद्याने. त्यामागचा कर्ता अधिकारी होता चार्ल्स प्रिचर्ड. हे नाव लक्षात ठेवण्यासारखे आहे, कारण त्याआधी याच माणसाने गुजरातच्या मिठाचा बंदोबस्त केला होता. कच्छच्या रणाकाठी खाराघोड्याच्या मिठागरांना पुढे त्याचेच नाव मिळाले. समुद्रकाठी आणि रणात निसर्गतः साठणारे मीठ लोकांनी उचलायचे नाही, ते सरकारी आगरातून कर भरून घ्यायचे, हा धडा मिठावर गिरवून झाला होता. तोच आता मोहाला लागू झाला. गावातल्या भट्ट्या बंद. दारू गाळायची ती सरकारी देखरेखीखालच्या मोजक्या कारखान्यांत, ठरावीक तीव्रतेची, गॅलनमागे कर भरून. विकायची ती परवान्याच्या दुकानातून. घरी गाळील तो गुन्हेगार.

मोह आणि मीठ यांची ही जोडी मला फार बोलकी वाटते. दोन्ही वस्तू निसर्ग फुकट देतो, दोन्ही गरिबाच्या घरात लागतात आणि दोन्हींवर पहारा बसवायची युक्ती एकाच कचेरीतून निघाली. मिठासाठी पुढे दांडीयात्रा निघाली, जगाने ती पाहिली. मोहाच्या फुलासाठी तसे कोणी चालले नाही. मिठाचा कर शहरातल्या माणसालाही बोचत होता. मोहाच्या पाठीशी फक्त जंगलातला माणूस होता, आणि दारूच्या बाजूने उभे राहणे कुठल्याच पुढाऱ्याला शक्य नव्हते.

या सरकारी दारूचे मोठे केंद्र होते उरण. मुंबई बंदराच्या पलीकडच्या या गावात दारू गाळण्याचे अनेक कारखाने होते, बहुतेक पारशी मालकांचे. मुंबई शहराची आणि आसपासच्या मुलखाची देशी दारू तिथून जाई. ती कशाची बनत असे? मोहाचीच. फुले पंचमहालाकडून आगगाडीने मुंबईला येत आणि तिथून गलबतांनी खाडी ओलांडून उरणला उतरत. म्हणजे शेकडो मैलांवरचे फूल उरणला आणून गाळले तर तो सरकारमान्य धंदा होता, आणि उरणमागच्या डोंगरातल्या कातकऱ्याने दारातले फूल मडक्यात टाकले तर तो फौजदारी गुन्हा होता. तरीही ठाणे-कुलाब्याच्या जंगलात चोरून भट्ट्या पेटतच राहिल्या, कारण कच्चा माल झाडावरून पडत होता. म्हणून १८९२ साली सरकारने दारू सोडून थेट फुलावर हात टाकला. फूल हे गरिबाचे अन्न आहे, हा आक्षेप तेव्हाही घेतला गेला होता. महसुलाच्या हिशेबापुढे तो टिकला नाही.

कमीत कमी सेवन आणि जास्तीत जास्त महसूल, हे आबकारी खात्याचे जाहीर धोरण होते. त्यातला दुसरा भाग चोख पार पडला. मुंबई इलाख्याच्या उत्पन्नात जमीन महसुलाच्या खालोखाल आबकारीचा क्रम लागू लागला. सेवनाचे काय झाले, ते डहाणू, उंबरगाव, पालघरच्या पाड्यांना विचारायला हवे होते. घरची दारू गेली म्हणून लोकांनी पिणे सोडले नाही. ते दुकानात जाऊ लागले. दुकानात रोख लागते. आदिवासीकडे रोख नसते. मग धान्य गहाण, बैल गहाण, शेवटी जमीन. दारूचे दुकान चालवणारा आणि सावकारी करणारा पुष्कळदा एकच असे. ताडीच्या झाडांवरही असाच कर वाढला आणि तिथेही दुकानदार मधे आला. दक्षिण गुजरात आणि उत्तर ठाण्यातल्या आदिवासींच्या जमिनी हातच्या जाण्यामागे या दुकानांचा मोठा वाटा होता, हे इतिहासकार डेव्हिड हार्डीमन यांनी सरकारी कागदपत्रे आणि जुन्या माणसांच्या मुलाखती यांच्या आधारे तपशिलाने दाखवून दिले आहे.

याच काळात शहरातही दारूविरुद्ध आवाज उठत होता. १८८० साली पुणे नगरपालिकेचे सभासद असलेल्या जोतीराव फुल्यांनी पालिकेच्या अध्यक्षांना पत्र लिहून शहरातल्या वाढत्या दारू दुकानांकडे लक्ष वेधले होते. स्वच्छतेवर पैसा खर्च करणारी पालिका लोकांचा सत्यानाश करणाऱ्या या दुकानांवर कर का बसवत नाही, असा त्यांचा सवाल होता. १९०८ साली टिळकांच्या पुढाकाराने पुण्यात गुत्त्यांपुढे निरोधन (पिकेटिंग) झाले. या दोन्ही चळवळींचा रोख सरकारमान्य दुकानावर होता, हे नीट ध्यानात घ्यावे. गरिबाला दारू पाजून सरकार पैसा करते आहे, ही त्यामागची चीड खरी होती.

पण सगळ्यांत मोठी चळवळ पुण्या-मुंबईतून आली नाही. ती आली पालघरच्या किनाऱ्यावरून.

१९२२च्या सुरुवातीला तिथल्या मांगेला कोळ्यांच्या वस्त्यांत देवीची साथ आली होती. साथीच्या देवीला शांत करण्यासाठी बायकांनी विधी मांडले, अंगात येऊ लागले. हा प्रकार किनाऱ्यावरून आत सरकला. पाड्यामागून पाडा, जव्हार, नाशिक, बागलाण, खानदेश, डांग करत देवी वर्ष अखेरीस सुरत जिल्ह्यात उतरली. वाटेत तिचे बोलणे बदलले. ९ नोव्हेंबर १९२२ रोजी सुरत जिल्ह्यात खानपूर गावाजवळच्या शेतात सुमारे दोन हजार आदिवासी जमले. हातात लाल कापड धरलेल्या, अंगात आलेल्या माणसांच्या तोंडून सलाबाई देवी बोलू लागली. दारू-ताडी सोडा. मांस-मासळी सोडा. रोज आंघोळ करा, स्वच्छ राहा. पारशाच्या दुकानाशी संबंध ठेवू नका.

पुढच्या काही आठवड्यांत शेकडो गावांनी हे ऐकले. दुकाने ओस पडली. मोहाची आणि ताडीची भांडी फोडली गेली. दुकानदार-जमीनदारांच्या शेतावर मजूर जाईनासे झाले. त्यांच्याकडून दमदाटी झाली, सरकारकडे तक्रारी गेल्या. आबकारीचे उत्पन्न घटताना पाहून अधिकारीही अस्वस्थ झाले. देवीच्या आज्ञांत लवकरच गांधींचे नाव आणि खादीही आली आणि १९२३च्या आरंभी काँग्रेसच्या कार्यकर्त्यांनी या भागात मोठी परिषद भरवली. पण ते नंतर. हार्डीमन यांनी या चळवळीवर लिहिलेले इंग्रजी पुस्तक १९८७ साली आले आणि त्यात त्यांनी हेच ठासून मांडले आहे की, सुरुवात आदिवासींनी स्वतः केली. शाळा, संस्था, पुढारी यांपैकी काहीही नसताना त्यांनी आपल्या देवीच्या तोंडून निर्णय घेतला. त्या निर्णयाने दुकानाची, कर्जाची आणि वेठीची साखळी एका झटक्यात तोडायचा प्रयत्न केला.

हे टिकले किती? सगळीकडे टिकले नाही. दोन-तीन वर्षांत पुष्कळ लोक परतले. गावात तट पडले. ज्यांनी सोडली ते वरजेला, ज्यांनी पुन्हा धरली ते सरजेला. पण कित्येक कुटुंबे कायमची सुटली. ती पुढे शिकली, जमीन राखू शकली. पुढे तीसच्या दशकात पश्चिम खानदेशात तळोद्याकडे गुलाम महाराज या भिल्ल संताच्या आरतीला हजारो लोक जमू लागले, तेव्हाही दारू सोडण्याचा आग्रह आतूनच आला होता. एकमेकांना मानाने ‘आप’ म्हणा, असे ते सांगत, म्हणून तो आप पंथ. ज्यांना बाकी सगळे अरेतुरे करत आले, त्या लोकांनी दारू सोडताना सन्मानही मागितला, ही गोष्ट मला दारूबंदीच्या कुठल्याही कायद्यापेक्षा मोठी वाटते.

मुंबई शहरात कायद्याने दारूबंदी आली ती १९३९ साली. बाळासाहेब खेरांच्या काँग्रेस मंत्रिमंडळातले डॉ. गिल्डर यांनी १ ऑगस्टपासून ती लागू केली. ते स्वतः पारशी होते आणि त्यांच्याच समाजातल्या अनेकांचे पोट दारूच्या धंद्यावर होते, तरी त्यांनी माघार घेतली नाही. बुडणाऱ्या उत्पन्नाच्या भरपाईसाठी शहरातल्या घरमालमत्तेवर दहा टक्के कर बसला. महायुद्ध सुरू होताच मंत्रिमंडळाने राजीनामा दिला आणि तो प्रयोग विरला. स्वातंत्र्यानंतर मोरारजी देसाई गृहमंत्री असताना १९४९चा मुंबई दारूबंदी कायदा झाला आणि १९५०च्या एप्रिलपासून इलाखाभर संपूर्ण बंदी आली.

या कायद्यामागच्या माणसांच्या हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही. गरिबाचा संसार वाचावा, ही त्यांची तळमळ होती. पण कायद्यात मोहाच्या फुलांसाठी वेगळी कलमे राहिली. गोऱ्या सरकारने महसूल वाचवण्यासाठी फुलावर बसवलेला पहारा आपल्या सरकारने नीतीच्या नावाने तसाच चालू ठेवला. ज्या भिल्ल-वारल्यांनी पूर्वी सरकारी दुकानावर बहिष्कार टाकला होता, त्यांच्याच झोपडीत आता दारूबंदी पोलीस मडकी शोधू लागले. मुंबईत काय झाले ते सर्वांना ठाऊक आहे. हातभट्ट्या फोफावल्या, नवसागर घातलेली दारू रबरी ट्यूबमधून फिरू लागली, हप्त्यांची व्यवस्था लागली. त्या कहाण्या पुष्कळांनी लिहिल्या आहेत, इथे थांबायला नको.

मोहाच्या दृष्टीने खरा बदल त्यानंतर झाला. साठच्या दशकात बंदी सैल झाली, परवाने मिळू लागले. १९७३ साली महाराष्ट्र देशी दारू नियम आले. गावोगाव देशी दारूची दुकाने उघडली. ही देशी कशाची? साखर कारखान्यातून निघणाऱ्या मळीची. पश्चिम महाराष्ट्रात उसाचा धंदा वाढत होता आणि मळीच्या मद्यार्काला बाजार हवा होता. ज्या फुलापासून या प्रांताची देशी दारू पिढ्यान्‌पिढ्या होत आली, ते फूल निर्बंधांखाली तसेच राहिले आणि देशी हे नाव मळीच्या बाटलीला मिळाले. याला मी अन्यायच म्हणेन. बंदी उठली ती कारखान्यासाठी, दुकानदारासाठी आणि तिजोरीसाठी. झाडाच्या मालकासाठी उठली नाही.

दिल्लीला हे कळत नव्हते असे नाही. सत्तरच्या दशकाच्या मध्याला केंद्र सरकारने राज्यांना आदिवासी भागांतल्या अबकारी धोरणाविषयी मार्गदर्शक सूचना दिल्या. व्यापारी दारू दुकाने या भागांत नकोत आणि घरगुती, रूढीप्रमाणे लागणारी दारू आदिवासींना स्वतःपुरती करू द्यावी, असे त्यांचे सार होते. १९९६च्या पेसा कायद्याने तर दारूबंदी करण्याचा किंवा तिच्यावर नियंत्रण ठेवण्याचा अधिकार अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभेला आणि पंचायतीला दिला, गौण वनोपजाची मालकीही दिली. मोहफूल हे गौण वनोपजच. कागदावर फूल परत आले.

गडचिरोलीची हकिगत मात्र सरळ नाही, आणि मोहाची बाजू घेणाऱ्याने ती टाळू नये. तिथे डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या आणि अनेक गावांच्या लढ्यातून १९९३ साली जिल्हाभर दारूबंदी झाली. लढा होता परवान्याच्या दुकानांविरुद्ध. दुकाने गेली, पण पुढे मोहाची दारूच विक्रीसाठी गाळली जाऊ लागली. आज तिथल्या कित्येक गावांत बायकाच एकत्र येऊन मोहाचा सडवा ओतून देतात, ड्रम फोडतात. २०१६पासून मुक्तिपथ अभियानातून अशा गावसंघटनांना बळ मिळाले आहे. घरच्या देवापुढे सांडायची धार आणि रस्त्याकडेला पाऊच भरून विकायची दारू यांतला फरक या बायकांना कुठल्याही अबकारी निरीक्षकापेक्षा चांगला कळतो. नवऱ्याचा मार त्याच खातात आणि फुलेही त्याच वेचतात. शेजारच्या चंद्रपूरला २०१५ साली बंदी आली आणि २०२१ साली उठली. दोन्ही निर्णय मुंबईत झाले.

२०२१ सालीच महाराष्ट्र सरकारने मोहफुले गोळा करणे, साठवणे, वाहून नेणे यांवरचे जुने निर्बंध उठवले. म्हणजे १८९२पासून मोजले तर जवळपास एकशे तीस वर्षांनी फुलाची सुटका झाली. पुढच्याच वर्षी काजूबोंड आणि मोहफूल यांपासून राज्यात बनणाऱ्या मद्याला अबकारी वर्गवारीत विदेशी मद्याचा दर्जा देण्याचा निर्णय झाला. बाटलीला बरा भाव यावा हा त्यामागचा विचार. गोव्याच्या काजू फेणीला २००९ साली भौगोलिक मानांकन आणि २०१६ साली वारसा पेयाचा दर्जा मिळाला होता. मध्य प्रदेशानेही मोहासाठी वारसा मद्याचे धोरण आणले आणि तिथे आदिवासी बचत गटांना ते गाळण्याचे काम दिले. वाट तयार होते आहे. पण उरणच्या कारखान्यांचा काळ आठवला की धास्तीही वाटते. तेव्हाही फूल आदिवासीने वेचले होते, गाळणारा दुसरा होता, विकणारा तिसरा आणि कर खाणारा चौथा. वेचणाऱ्याच्या हाती शेवटी कर्ज आले.

म्हणून महाराष्ट्रात मोहाचे मद्य बाटलीत भरायचे असेल, तर परवाना आधी ग्रामसभेला आणि वेचणाऱ्या बायकांच्या बचत गटाला द्यावा, भांडवलवाल्याला नंतर. घरच्या विधीपुरते गाळणाऱ्याच्या दारात पोलीस जाऊ नये. आणि ज्या गावच्या बायका उठून आमच्या शिवारात भट्टी नको म्हणतील, त्या गावाचा ठराव मुंबईहून कोणी फिरवू नये.